कामगार संघटना व आरोग्यसेवा सुधारणा (अमेरिका)

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत आरोग्यविमा मुख्यत्वे नोकरीशी जोडलेला असल्यामुळे आरोग्यसेवेची सुधारणा हा तेथील कामगार चळवळीचा सुमारे ऐंशी वर्षांपासूनचा प्रमुख प्रश्न आहे. पासष्ट वर्षांखालील निम्म्याहून अधिक अमेरिकनांना विमा मिळतो तो स्वतःच्या किंवा कुटुंबातील कोणाच्या तरी मालकामार्फत. नोकरी गेली की तोही जातो, किंवा पूर्ण हप्ता स्वतः भरून काही काळच टिकवता येतो. २०२४ मध्ये मालकामार्फत मिळणाऱ्या कौटुंबिक विम्याचा सरासरी वार्षिक हप्ता २५,५७२ डॉलर होता. त्यातील ६,२९६ डॉलर कामगाराच्या पगारातून कापले जात आणि उरलेले मालक भरत असे. मालकाच्या वाट्याचा बोजाही अखेर पगारावरच पडतो, असे बहुतेक अर्थतज्ज्ञ मानतात. म्हणून उपचार महागले की वेतनवाढ आटते.

उगम : दुसऱ्या महायुद्धात १९४२ च्या कायद्याने वेतने गोठवली गेली. विमा व निवृत्तिवेतन यांना मात्र वाजवी मर्यादेत त्यातून सूट होती. पगार वाढवता येत नाही, तर विमा द्यावा, ही वाट मालकांनी धरली आणि संघटनांनीही ती मागणी लावून धरली. याच काळात संघटना राष्ट्रीय आरोग्यविम्याचाही पुरस्कार करत होत्या. १९४५ मध्ये राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रूमन यांनी तशी योजना काँग्रेसपुढे ठेवली. पण डॉक्टरांच्या अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या कडव्या विरोधापुढे ती टिकली नाही. जे कायद्याने मिळाले नाही, ते संघटनांनी करारांतून मिळवायला सुरुवात केली.

खाणकामगारांचा निधी : या प्रयत्नांतील सर्वांत मोलाचा अध्याय कोळसाखाणींतला आहे. तेथे खाणकंपनीच डॉक्टर नेमत असे आणि त्याच्यासाठी कामगाराच्या पगारातून दरमहा पैसे कापले जात. १९४६ च्या संपात सरकारने खाणी ताब्यात घेतल्या. तेव्हा युनायटेड माइन वर्कर्स या खाणकामगार संघटनेचे अध्यक्ष जॉन एल. लुइस यांनी अंतर्गत व्यवहार खात्याचे मंत्री ज्यूलियस क्रग यांच्याशी करार केला. काढलेल्या प्रत्येक टन कोळशामागे ५ सेंट कल्याणनिधीत जमा होऊ लागले. याच करारानुसार झालेल्या पाहणीने खाणवस्त्यांतील अस्वच्छता, दूषित पाणी व निकृष्ट वैद्यकीय सेवा सरकारी अहवालातून देशापुढे मांडली.

खाणीचे छत कोसळून पाठीचा कणा मोडलेले कामगार ॲपलेशियाच्या डोंगराळ वस्त्यांत वर्षानुवर्षे अंथरुणाला खिळून होते. निधीच्या माणसांनी त्यांना हुडकून काढले आणि रेल्वेने दूरच्या पुनर्वसन केंद्रांत पाठवले. १९५६ मध्ये केंटकी, व्हर्जिनिया व वेस्ट व्हर्जिनिया या राज्यांत निधीची दहा रुग्णालये सुरू झाली. परंतु निधीचे उत्पन्न कोळशावर अवलंबून होते. धंदा मंदावताच ते घटले आणि १९६० नंतरच्या काही वर्षांत ही रुग्णालये दुसऱ्या संस्थेकडे सोपवावी लागली. एका उद्योगाच्या जिवावर उभी केलेली आरोग्यसेवा त्या उद्योगाबरोबरच खचते, हे येथे प्रथम ठळकपणे दिसले.

मोटारउद्योग : युनायटेड ऑटो वर्कर्स व जनरल मोटर्स यांच्या १९५० च्या पंचवार्षिक करारात निवृत्तिवेतनाबरोबर वैद्यकीय विम्याचा निम्मा हप्ता कंपनीने उचलला, १९६१ पासून पूर्ण हप्ता तीच भरू लागली. संघटनेचे नेते वॉल्टर रूथर यांचा अंदाज असा होता, की हा भार सोसवेनासा झाला की उद्योगपतीच सार्वजनिक विम्याची मागणी करतील. तसे झाले नाही. १९६८ मध्ये रूथर यांनीच राष्ट्रीय आरोग्यविम्यासाठी समिती स्थापन केली. पुढे निवृत्तांची संख्या वाढत गेली. मोटारीमागे सुमारे १,५०० डॉलर आरोग्यावर खर्च होतात, असे जनरल मोटर्स सांगू लागली. अखेर २००७ च्या करारान्वये निवृत्तांच्या वैद्यकीय लाभांची जबाबदारी एका स्वतंत्र विश्वस्त निधीकडे गेली.

कायदे : वृद्धांसाठीची मेडिकेअर योजना १९६५ मध्ये मंजूर झाली, त्यामागे एएफएल-सीआयओ या कामगार महासंघाने मोठी ताकद लावली होती. खासगी विमा कंपन्यांना नको असलेल्या निवृत्त कामगारांना तिचा मोठा आधार मिळाला. २०१० च्या परवडणाऱ्या आरोग्यसेवेच्या कायद्यालाही बहुतेक संघटनांनी पाठिंबा दिला. मात्र महागड्या विमायोजनांवरील ४० टक्के कराला त्यांनी निकराने विरोध केला. पगारवाढ सोडून मिळवलेल्या विम्यावरच हा कर बसणार होता. त्याची अंमलबजावणी लांबत गेली आणि २०१९ मध्ये तो रद्द झाला.

संप : विमा हे अनेक संपांचे कारण ठरले आहे. पिट्‌स्टन या कोळसा कंपनीने सुमारे १,५०० निवृत्त कामगार, विधवा व अपंग यांचे वैद्यकीय लाभ बंद केले, तेव्हा १९८९ मध्ये मोठा संप झाला. त्यानंतर १९९२ च्या कायद्याने निवृत्त खाणकामगारांच्या लाभांना संरक्षण मिळाले. २०१८ मध्ये वेस्ट व्हर्जिनियातील शिक्षक संपावर गेले. कमी पगाराइतकाच विम्याचा वाढता खर्च त्यांना जाचत होता. ठरावीक आरोग्य-गुण मोबाइल ॲपवर मिळवावेत, नाहीतर महिना २५ डॉलर जादा भरावेत, ही योजना त्यांना अपमानास्पद वाटली. विमा मालकाच्या हाती असणे म्हणजे काय, हे २०१९ च्या जनरल मोटर्समधील संपात दिसले. संप सुरू होताच कंपनीने कामगारांचा विमा थांबवला. चहूकडून टीका झाल्यावर तो पुन्हा सुरू केला.

मतभेद : सर्वांसाठी एकच सरकारी विमा असावा, अशी नॅशनल नर्सेस युनायटेड या परिचारिकांच्या संघटनेची ठाम मागणी आहे. उलट लास व्हेगासमधील हॉटेल कामगारांच्या कलिनरी युनियनने २०२० मध्ये अशा योजनेला विरोध केला. संप करून मिळवलेला स्वतःचा आरोग्यनिधी व दवाखाना सोडायला ती तयार नव्हती.

मूल्यमापन : हातचे सोडून अनिश्चित कायद्याच्या भरवशावर राहू नये, ही भीती खरी आहे आणि तिची टिंगल करणे अन्यायाचे ठरेल. तरीही दीर्घकाळाचा हिशेब सार्वजनिक विम्याच्या बाजूने आहे. कराराने दिलेले संरक्षण धंद्यातील मंदी, दिवाळखोरी व पुढचा करार यांच्या तडाख्यात सापडते. प्रत्येक वाटाघाटीत संघटनेची शक्ती जुना विमा राखण्यातच खर्च होते. शिवाय खासगी क्षेत्रातील संघटित कामगारांचे प्रमाण आज एक दशांशाहूनही कमी असल्याने या करारांबाहेरचे कामगारच बहुसंख्य आहेत. विम्याची नोकरीपासून फारकत झाली, तर आजाराच्या धाकाने नको ती नोकरी धरून बसण्याची सक्ती संपेल. मग वेतन, सुरक्षितता व कामाचे तास यांसाठी कामगार निर्धास्तपणे झगडू शकेल. म्हणून आरोग्यसेवेची सुधारणा ही कामगार चळवळीच्या स्वतःच्या बळाचीही बाब आहे.