कॅशलेसचा करार : सहीआधी काय पाहावे

विमा कंपनी किंवा तिच्यासाठी क्लेम पाहणारी टीपीए हॉस्पिटलशी दर ठरवून करार करते. कॅशलेस मुख्यतः त्यावर चालते. आपल्याकडचे छोटे दवाखानेवाले बहुधा सवलतीच्या टक्क्यावरच घासाघीस करतात. आम्हाला विचाराल तर खरी गोम पॅकेजात आहे. मोतीबिंदूच्या दरात लेन्स धरली आहे का? दरवाढ कधी? बिल कापले तर कारण लेखी मिळणार का? हे आधीच लिहून घ्या. दर वर्षानुवर्षे तेच राहिले, की हॉस्पिटल कॅशलेस बंद करते आणि ऐनवेळी घरच्यांची पैशांसाठी धावपळ होते.

२०२४ पासून विमा नियामकाच्या नियमानुसार डिस्चार्जची मंजुरी ३ तासांत द्यावी लागते. उशिरामुळे वाढलेला खर्च विमा कंपनीवर. म्हणून हॉस्पिटलने अर्ज पाठवल्याची वेळ नोंदवून ठेवावी.