कंठ, हात आणि काया

शाळेच्या वेळापत्रकात काही तास असे असतात की गरज पडली की पहिली कुऱ्हाड त्यांच्यावरच पडते. गणिताचा धडा मागे राहिला, की संगीताचा तास गेला. परीक्षा जवळ आली, की खेळाचा तास गेला. चित्रकलेची वही कपाटात आणि आरोग्याचा धडा ‘घरी वाचा’ म्हणून सोडून दिलेला. आपणही घरी मुलाला विचारतो ते इंग्रजीचे आणि गणिताचे गुण. आज गायलास काय, घाम गाळलास काय, हे विचारत नाही.

इतरांचे राहू द्या. आपण माळकरी माणसांनी तरी याचा विचार करायला हवा. कारण शाळेने ज्या गोष्टी कडेला लोटल्या, त्याच आपल्या संप्रदायाने भक्तीच्या पायात घातल्या आहेत.

दिंडीत चालणारे आठ-दहा वर्षांचे पोर पाहा. त्याला कोणी तालाचा पाठ देत नाही. गळ्यात टाळ पडतात, शेजारचा जाणता टाळकरी जसे पाऊल टाकतो तसे त्याचे पडू लागते, आणि पंढरी येईपर्यंत भजनी ठेका त्याच्या पायांत उतरलेला असतो. पाठांतर, सूर, ताल, चाल आणि श्वास यांचे वेगवेगळे तास तिथे नसतात. एका अभंगात सगळे येते. समाजआरतीच्या वेळी चोपदारांचा दंड वर गेला, की हजारो टाळ एका क्षणात थांबतात. कोणत्या कवायतीत इतकी शिस्त पाहिली आहे? तुकोबारायांच्या गाथेत तर फुगडी, टिपरी, हमामा, चेंडूफळी अशा खेळांवर अभंग आहेत. खेळ म्हणजे परमार्थातला व्यत्यय, असे महाराजांना वाटले असते तर ते लिहिलेच गेले नसते.

मग शाळेत या विद्यांचे स्थान कसे होते? गावच्या पंतोजींच्या शाळेत अक्षर, मोडी, उजळणी, पावकी-निमकी आणि हिशेब एवढेच मुख्य. पोट त्यावर चाले. इंग्रजी अमदानीत पुस्तके आणि परीक्षा वाढल्या, पण गाणे मात्र बाहेरच राहिले. गायनविद्या शिकायची तर गुरूच्या घरी वर्षानुवर्षे सेवा करायची आणि शिवाय घरंदाज लोकांची नाके मुरडलेली पाहायची. कुरुंदवाडचे विष्णू दिगंबर पलुस्कर मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे असेच शिकले. पण पुढे त्यांनी 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, 1908 साली मुंबईत. ठरलेला अभ्यासक्रम, स्वरलिपी, मुलांसाठी पाठ्यपुस्तके आणि कोणालाही खुला दरवाजा असा तो प्रकार होता. गाणे भल्या घरच्या मुलांनी शिकावे, ते लोकांना पटावे म्हणून त्यांनी हाताशी धरले ते भजनालाच. समाजाने नाकारलेल्या विद्येला शाळेचे दार उघडून दिले ते भगवंताच्या नामाने, हे आपण विसरू नये.

त्याच काळात आपल्या आळंदीत एक शाळा उभी राहिली. वैकुंठवासी विष्णुबुवा जोग महाराज मूळचे पुण्याचे. तारुण्यात तालमीत घुमलेले, कुस्तीचा नाद असलेले, आजन्म ब्रह्मचारी. त्यांनी 1917 साली वारकरी शिक्षण संस्था स्थापन केली. श्रीज्ञानेश्वरी, श्रीतुकोबारायांची गाथा यांचा अर्थासह अभ्यास, आणि त्याबरोबर भजन-कीर्तनाची तयारी. विद्यार्थी माधुकरी मागून राहत. वै. बंकटस्वामी महाराज, वै. सोनोपंत दांडेकर हे त्यांचेच शिष्य. मामासाहेब दांडेकर पुढे पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयाचे प्राचार्य झाले आणि कीर्तनालाही उभे राहत गेले. ज्या हाताने तालमीची माती अंगाला लावली, त्याच हाताने जोग महाराजांनी गाथेचा अर्थ लिहिला. काया वेगळी आणि विद्या वेगळी असा भेद त्यांच्या आयुष्यात सापडत नाही.

आता तुम्हांला सातारा जिल्ह्यातल्या एका लहानशा संस्थानाकडे घेऊन जातो. श्रीयमाईच्या औंधाचे नाव तुम्ही ऐकले असेल. तिथले राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी 1909 साली गादीवर आले. या राजाला तीन गोष्टींचे वेड होते. ते स्वतः चित्रे काढत. रामायणाची चित्रे त्यांनी स्वतःच्या हाताने रंगवली. ते स्वतः कीर्तन करत, आपल्या वारकरी पद्धतीचे नव्हे, हरिदासी पद्धतीचे. पण राजा असून लोकांपुढे कीर्तनाला उभे राहत. आणि ते रोज सूर्यनमस्कार घालत.

या नमस्कारांची रीत ध्यानात घ्या. एका नमस्कारात दहा अवस्था, त्यांत श्वासाचा मेळ, आणि प्रत्येक नमस्काराला बीजमंत्रासह सूर्याचे एक नाव मोठ्याने म्हणायचे. त्या उच्चारानेही शरीराला लाभ होतो, असे राजेसाहेब आग्रहाने मांडत. म्हणजे व्यायामात कंठ आला, कंठात नाम आले. खर्च काही नाही, लागते फक्त देहाएवढी जागा. गरीब संस्थानाला परवडणारे आरोग्य हेच, हे ओळखून त्यांनी संस्थानच्या शाळांत सूर्यनमस्कार सक्तीचे केले. मुलांनी घालावेत, मुलींनी घालावेत, बायकांनीही घालावेत, असा त्यांचा प्रचार असे. पुढे 1938 साली लंडनमध्येही या विषयावर त्यांचे इंग्रजी पुस्तक निघाले. त्याच वर्षी औंधला टेकडीवर श्रीभवानी चित्रसंग्रहालय उभे राहिले. मोठमोठ्या चित्रकारांची चित्रे, जी पाहायला एरवी मुंबई गाठावी लागली असती, ती खेड्यातल्या पोरांना चालत जाऊन पाहता येऊ लागली.

या औंधात पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकरही येऊन राहिले होते. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकलेले चित्रकार, पण पुढे वेदांचे अभ्यासक आणि योगासने व नमस्कारांचे प्रचारक. त्यांना शंभर वर्षांहून अधिक आयुष्य लाभले. आणि याच संस्थानातल्या माणदेशी मुलुखातून, औंधच्या शाळेत शिकून, गजानन दिगंबर माडगूळकर पुढे आले. ‘गीतरामायण’ ज्यांच्या लेखणीतून उतरले तेच गदिमा. एका शाळेने कवी घडवला असे कोणी म्हणू नये. ते देणे वरचे असते. पण ज्या गावात राजा कीर्तन करतो, चित्र काढतो आणि उन्हाला नमस्कार घालतो, त्या गावच्या मुलाला या गोष्टी फावल्या वेळच्या वाटत नाहीत, एवढे नक्की.

इथे एक शंका मनात येईल, आणि ती यायला हवी. सक्तीने नमस्कार घातले तर काया वाकेल. मन वाकेल का? हुकमाचा व्यायाम हुकूम असेतोवर चालतो. औंध संस्थान 1948 साली विलीन झाले आणि राजेसाहेबांचा हुकूमही त्याबरोबर संपला. वारीत कोणाला सक्ती नाही. रिंगणात धावायला कोणी हजेरी घेत नाही, तरी सत्तरीचे म्हातारेही धावतात, कारण शेजारचा धावतो आहे. औंधातही जे खोल रुजले ते हुकमाने रुजले असेल असे मला वाटत नाही. सांगणारा स्वतः रोज करत होता, म्हणून रुजले. संगीत, चित्र, व्यायाम, आरोग्य हे विषय सांगून शिकवता येत नाहीत. करणाऱ्याजवळ बसून ते लागतात. सत्संगाचा जो नियम, तोच यांचा.

आरोग्याचे उदाहरण याहून जवळचे आहे. पूर्वी वारीत पटकीची साथ हे नेहमीचे भय होते. पावसाळा, गर्दी, एकाच पात्रातले पाणी. किती घरची माणसे परतली नाहीत! अशा काळात श्रीगाडगेबाबा गावात येत ते हातात खराटा घेऊन. आधी गाव झाडायचे, मग रात्री कीर्तन. बाबांना अक्षरओळख नव्हती, पण कीर्तनात लोकांना प्रश्न विचारून विचारून ते विचार करायला लावत. अंगावरचे कपडे कमी करा, पण लेकरांना शाळेत घाला, हा त्यांचा ध्यास. आरोग्याचा धडा त्यांनी फळ्यावर लिहिला नाही. गावाने तो झाडताना पाहिला आणि मग उरलेला रस्ता गावाने झाडला.

आजची स्थिती पाहू. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभराहून अधिक मुले असतील, तर कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक असावेत, अशी तरतूद आहे. कायद्याने विषय मानला, पण माणूस अंशकालीन. आणि शंभराच्या आत पट असलेल्या वाडीवस्तीच्या शाळांना तोही नाही. दुसरीकडे, चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेचे दहावीला वाढीव गुण मिळतात म्हणून मुले त्या परीक्षेला बसतात आणि गुण मिळाले की रंगपेटी ठेवून देतात. गुणांसाठी केलेले भजन जसे, तशीच ही कला. चूक मुलांची नाही. त्यांना जवळ बसून करणारे कोणी दिसत नाही.

माउली, इथेच आपले काम आहे. आपल्या गावात टाळकरी आहे, मृदंगाचार्य आहे, दारापुढे रोज रांगोळी काढणारी माय आहे, आणि दरवर्षी वीस दिवस चालूनही न थकणारे वारकरी आहेत. वाडीच्या शाळेला निदेशक मिळेल तेव्हा मिळेल. तोवर शनिवारी सकाळी तासभर एक मृदंग आणि दहा टाळजोड्या शाळेत नेता येतील की नाही? मुख्याध्यापकांना विचारा, ते नाही म्हणणार नाहीत. काल्याच्या आदल्या दिवशी शाळेच्या अंगणात खराटा घेऊन आपण आधी उभे राहू. मुले आपोआप येतील. रात्री घरी हरिपाठाला मुलाला शेजारी बसवा, टाळ त्याच्या हातात द्या, चुकला तरी द्या.

ज्ञानोबा-तुकोबांनी आपल्याला देह टाकून द्यायला शिकवले नाही. तो नामाला लावायला शिकवले. कंठ गाईल, हात टाळ धरतील, पाय चालतील, तेव्हाच ते घडते. मुलाच्या वेळापत्रकातले हे तास वाचवणे म्हणजे त्याच्या वारीची वाट मोकळी ठेवणे होय.

॥ रामकृष्णहरी ॥