आरोप गोळीवर, साक्ष हवेची

1870 साल. फ्रान्स आणि प्रशियाचं युद्ध पेटलेलं. फ्रेंच सैनिकांकडे शासपो ही नवी रायफल होती. तिच्या गोळीच्या जखमा इतक्या मोठ्या आणि खड्ड्यासारख्या, की फ्रेंच लोक स्फोटक गोळ्या वापरतात असा संशय आला. आरोप साधा नव्हता. दोनच वर्षांपूर्वी सेंट पीटर्सबर्गच्या जाहीरनाम्यात 400 ग्रॅमपेक्षा हलक्या स्फोटक गोळ्यांवर बंदी आली होती. म्हणजे थेट शब्द मोडल्याचा ठपका!

बेल्जियमच्या मेल्सेन्स यांनी वेगळाच तर्क मांडला. गोळी साधीच आहे, पण ती पुढची हवा दाबत नेते आणि ती हवाच जखम फाडते. आता हवा कोणी पाहिलीय? प्रागमधले भौतिकशास्त्रज्ञ अर्न्स्ट माख यांनी ती बघायचंच ठरवलं. विमानाच्या वेगातलं 'मॅक' यांच्याच नावावरून आलं.

उन्हाळ्यात डांबरी रस्त्यावर हवा थरथरताना आपण सगळ्यांनीच पाहिलीय. हवेची घनता बदलली की प्रकाश किंचित वाकतो. हा वाकलेला प्रकाश धारदार पट्टीनं अडवून हवेतले फरक उजेड-सावलीत दाखवायची 'श्लीरन' पद्धत ऑगस्ट ट्योप्लर यांनी 1864 मध्ये मांडली होती. माख यांच्या सांगण्यावरून पेटर साल्खर यांनी फ्युमेच्या (आजचं क्रोएशियातलं रिएका) नौदल अकादमीत 1886 मध्ये तीच वापरली. गोळीच विजेचं मंडल जोडायची, ठिणगी पडायची आणि तेवढ्या उजेडात फोटो निघायचा.

फोटोत काय दिसलं? गोळीचा वेग आवाजापेक्षा जास्त असला, की तिच्यापुढे लाट उठते, अगदी होडीच्या नाकाशी उठते तशी. वेग कमी असला तर लाट नाही. होडीपुढचं पाणी सतत बदलत असतं, तशीच ही हवाही. गोळी हवेचा गोळा सोबत नेत नाही. मग जखम एवढी का फाटते? गोळीचा प्रचंड वेग आतल्या मांसाला झटक्यात बाजूला फेकतो म्हणून. ना स्फोटक, ना हवा!

पण श्लीरनमधून घनता कुठे बदलते ते दिसतं, नेमकी किती ते मोजणं अवघड. ते काम 1891-92 च्या सुमारास माख यांचा मुलगा लुडविग आणि लुडविग त्सेंडर यांनी स्वतंत्रपणे रचलेल्या यंत्रानं सोपं केलं. प्रकाशाचे दोन भाग करायचे, एक प्रवाहातून आणि एक बाहेरून न्यायचा, मग पुन्हा एकत्र आणायचे. पट्टे किती सरकले त्यावरून घनतेचा आकडा. प्रवाहात काहीही न खुपसता! पुढे वाऱ्याच्या बोगद्यांत विमानांच्या चाचण्यांसाठी हेच यंत्र वापरलं गेलं.

मला यात सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे, की फोटो निघाला तेव्हा युद्ध संपून पंधरा वर्षं झाली होती. आरोप एका दिवसात पसरला, तपासायला दीड दशक लागलं. आज युद्धाचे व्हिडिओ मिनिटात फॉरवर्ड होतात आणि आपण लगेच बाजू घेतो. पटतंय का? बोला.