आज्ञावलींची झडती

१९८८ सालच्या शरद ऋतूत, एका वादळी रात्री, अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाचे प्राध्यापक बार्टन मिलर घरून टेलिफोनच्या तारेमार्फत विद्यापीठाच्या संगणकावर काम करीत होते. वादळामुळे तारेत खरखर होऊन त्यांच्या आज्ञांमध्ये नको ती अक्षरे मिसळत होती. यात नवल नव्हते. नवल असे, की त्या भरकटलेल्या अक्षरांमुळे रोजच्या वापरातील आज्ञावली कोसळून पडत होत्या. चुकीची आज्ञा मिळाली, तर 'समजले नाही' एवढे सांगून थांबावे, ही अपेक्षा रास्तच होती. मिलर यांनी विद्यार्थ्यांना प्रकल्प दिला : अर्थहीन अक्षरांचे ढीग यंत्रानेच तयार करायचे आणि एकेका आज्ञावलीच्या तोंडी द्यायचे. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखानुसार, तपासलेल्या सुमारे ९० आज्ञावलींपैकी पाव ते एक तृतीयांश आज्ञावली कोसळल्या किंवा लटकून राहिल्या.

आज्ञावली कोसळली, तर काम अडते एवढेच नाही. १९८८ मध्येच २ नोव्हेंबरला रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने सोडलेला 'कृमी' अमेरिकेतील संगणकांच्या जाळ्यात पसरला. सुमारे ६,००० संगणक बाधित झाल्याचा त्या वेळचा अंदाज होता. त्याच्या वाटांपैकी एक अशी : एका आज्ञावलीने येणाऱ्या मजकुरासाठी ५१२ अक्षरांची जागा राखली होती, पण मजकूर तेवढाच आहे ना, हे ती पाहत नव्हती. कृमीने ५३६ अक्षरे पाठवली. जादा अक्षरे शेजारच्या जागेत सांडली आणि संगणक पाहुण्याच्या आज्ञा पाळू लागला. म्हणजे मिलर यांना दिसलेली चूक आणि चोराला सापडलेली खिडकी ही एकाच जातीची होती.

अशा चुका शोधण्याचे दोन मार्ग आहेत. आज्ञावली चालवून तिला वेडेवाकडे प्रश्न विचारणे, हा मिलर यांचा मार्ग. दुसरा, ती न चालवता केवळ वाचणे. १९७८ मध्ये बेल प्रयोगशाळेतील स्टीफन जॉन्सन यांनी सी भाषेतील आज्ञावली वाचून संशयास्पद जागा दाखवणारे साधन तयार केले व त्याला 'लिंट' हे नाव दिले. कपड्याला चिकटलेले तंतू व कचरा असा त्या शब्दाचा अर्थ.

वाचणाऱ्या यंत्राला वाचलेले समजावे कसे? येथे गणित मदतीस आले. गॅरी किल्डॉल यांनी १९७३ मध्ये आज्ञावलीतून माहिती कशी वाहते, याचे विश्लेषण करण्याची एक सर्वसाधारण पद्धत मांडली. हेतू होता आज्ञावली वेगवान करण्याचा. सुरक्षिततेचा विचार त्यात नव्हता. हाच विषय पुढे मुंबईच्या आयआयटीत रुजला. मानपाड्याहून ठाणे ओलांडून मुलुंड-भांडुपच्या पुढे गेले की पवई येते. तेथे धनंजय ढमढेरे आणि उदय खेडकर यांनी या विश्लेषणाच्या एका मोठ्या वर्गाचा व्यापक सिद्धांत मांडला. तो १९९४ मध्ये या विषयातील अग्रगण्य आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. २००९ मध्ये खेडकर, अमिताभ सन्याल आणि बागेश्री करकरे यांचा या विषयावरील ग्रंथ आला. त्यातील पद्धती प्रत्यक्षात दाखवण्यासाठी लेखकांनी जीसीसी हा मुक्त भाषांतरक निवडला. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८७ मध्ये प्रथम प्रसृत केलेला हा भाषांतरक मुक्त असल्यामुळेच पवईच्या विद्यार्थ्यांना त्याच्या अंतरंगात शिरता आले. पुण्यातही टाटा समूहाच्या, १९८१ साली स्थापन झालेल्या संशोधन केंद्रात आज्ञावली तपासणाऱ्या साधनांवर दीर्घकाळ काम झाले आहे.

माहितीच्या वहनाचा सुरक्षिततेशी संबंध काय, हे पाण्याच्या दाखल्याने समजून घेऊ. ठाणे शहराला भातसा व उल्हास नद्यांचे पाणी मिळते. समजा, मानपाड्यातील एका इमारतीत गढूळ पाणी आले. आपण नळापासून टाकीपर्यंत, टाकीपासून मुख्य जलवाहिनीपर्यंत मागे मागे जातो आणि विचारतो : शुद्धीकरण टाळून येणारी एखादी वाट आहे काय? आज्ञावलीतही असेच. बाहेरच्या माणसाने टंकलेला मजकूर हे नदीचे पाणी. विदासंचयाला दिली जाणारी आज्ञा हा नळ. मधली तपासणी म्हणजे शुद्धीकरण केंद्र. आज्ञावलीतील वाटा हजारो असतात. त्यांतील एक तरी तपासणी चुकवून नळापर्यंत पोचते का, हे यंत्र चिकाटीने पाहू शकते, माणूस कंटाळतो.

मात्र या यंत्राला एक मर्यादा आहे, आणि ती तात्पुरती नाही. कोणतीही आज्ञावली कधी तरी थांबेल की नाही, हे प्रत्येक बाबतीत अचूक सांगणारी रीत असू शकत नाही, हे ॲलन ट्युरिंग यांनी १९३६ मध्ये सिद्ध केले. यातूनच असे निघते, की सगळ्या आज्ञावलींतील सगळ्या चुका पकडणारे आणि कधीही खोटी हाक न मारणारे साधन बनवणे अशक्य आहे. साधन कडक केले, तर ते 'लांडगा आला रे आला' असे वारंवार ओरडते आणि लोक कान बंद करतात. सैल केले, तर खरा लांडगा निसटतो. कोणती चूक परवडेल, हे माणसालाच ठरवावे लागते.

आता मुक्त आज्ञावलींकडे वळू. त्यांचा मजकूर एका सामायिक भांडारात सर्वांसाठी खुला असतो. अनेक डोळे पाहतात म्हणून दोष लपत नाहीत, असा विश्वास बराच काळ होता. २०१४ च्या एप्रिलमध्ये त्याला तडा गेला. महाजालावरील गोपनीय संदेशांसाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या ओपनएसएसएल या मुक्त आज्ञावलीत 'हार्टब्लीड' नावाचा दोष सापडला. समोरचा म्हणे, 'माझा शब्द ५०० अक्षरांचा आहे, तो परत पाठव', आणि प्रत्यक्षात देई चारच अक्षरे. संगणक मोजणी न करता ५०० अक्षरे परत पाठवी. त्यांतील उरलेली त्याच्या स्मृतीतली, कदाचित कुणाचा परवलीचा शब्दही. मार्च २०१२ पासून हा दोष सर्वांच्या डोळ्यांसमोर होता. वापरणारे असंख्य, सांभाळणारे मूठभर, अशी त्या प्रकल्पाची स्थिती होती.

त्यानंतर तपासणीचे काम यंत्राकडे सोपवण्यास वेग आला. आज एखाद्या भांडारात अशी व्यवस्था लावली, की कोणी नवा मजकूर जमा करताच चार कामे आपोआप सुरू होतात. पहिले, मजकूर वाचून धोक्याच्या वाटा शोधणे. दुसरे, उसन्या घेतलेल्या आज्ञावलींची ज्ञात दोषांच्या यादीशी तुलना; अशी एक जागतिक सूची १९९९ पासून चालू आहे. तिसरे, चुकून लिहिला गेलेला परवलीचा शब्द हुडकणे. चौथे, मिलर यांच्या पद्धतीने वेडेवाकडे प्रश्न विचारणे. महत्त्वाच्या मुक्त आज्ञावलींसाठी गूगलने ही सेवा डिसेंबर २०१६ मध्ये विनामूल्य सुरू केली. जीसीसीमध्येही २०२० पासून दोष शोधणारा विश्लेषक आहे.

एवढा पहारा बसल्यावर प्रश्न सुटला काय? २९ मार्च २०२४ रोजी आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने जगाला सावध केले. दूरच्या संगणकात प्रवेश करताना सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो, हे त्यांच्या लक्षात आले होते. कारण शोधता शोधता ते एक्सझेड या, मजकूर आकुंचित करणाऱ्या मुक्त आज्ञावलीपाशी पोचले. तिच्यात चोरदरवाजा होता. तो बसवणाऱ्याने दोन वर्षांहून अधिक काळ चांगले काम करून, थकलेल्या मूळ सांभाळकर्त्याचा विश्वास मिळवला होता. दुष्ट भाग चाचणीच्या फायलींत दडवलेला होता आणि तो जागा करणारा दुवा वितरणाच्या गठ्ठ्यातच होता, भांडारात नव्हता. शिवाय स्वयंचलित तपासणीच्या सेवेतील एक भाग बंद ठेवावा, अशी दुरुस्तीही त्याच नावाने २०२३ मध्ये सुचवली गेली होती आणि ती स्वीकारली गेली होती. पहारेकऱ्याला 'तिकडे पाहू नकोस' असे सांगणारा घरातलाच मानला गेला होता.

या इतिहासातून यंत्र निरुपयोगी ठरत नाही. न मोजलेली अक्षरे, शुद्धीकरण चुकवणाऱ्या वाटा, जुने ज्ञात दोष हे यंत्राने पाहावे, कारण तेथे चिकाटी लागते. 'हे असे का?' हा प्रश्न मात्र माणसाने विचारायचा आहे, आणि तो विचारण्याइतकी फुरसत व मोबदला सांभाळकर्त्यांना मिळतो की नाही, हा समाजाचा प्रश्न आहे.

वर्गात याचा अनुभव संगणकाशिवायही देता येईल. एका गटाने गुणांची सरासरी काढण्याच्या पायऱ्या कागदावर लिहाव्यात. दुसऱ्या गटाने मिलर यांच्या विद्यार्थ्यांप्रमाणे त्या पायऱ्यांना विचित्र माहिती द्यावी : विद्यार्थीच नाहीत, गुण उणे आहेत, गुणांच्या जागी 'गैरहजर' लिहिले आहे. तिसऱ्या गटाने पायऱ्या न चालवता, नुसत्या वाचून चुका शोधाव्यात. शेवटी दोन्ही याद्या फळ्यावर शेजारी शेजारी लिहाव्यात आणि कोणती चूक कोणाला सापडली नाही, यावर मुलांना बोलू द्यावे.