ट्रकच्या ऑइल गळतीचा जुना इलाज
१९५४ मध्ये टाटा आणि डेमलर-बेंझ यांच्यात करार झाला आणि जमशेदपूरला डिझेल ट्रक तयार होऊ लागले. त्या पिढीच्या इंजिनांत थोडे ऑइल गळणे गृहीतच धरले जाई. पॅकिंग बहुधा बुचाचे. उष्णतेने ते सुकून आकसे. क्रँकच्या मागच्या टोकाला अनेक इंजिनांत ऑइल अडवायला ग्रॅफाइट लावलेली विणलेली दोरी असे. ती झिजली की क्लचच्या घराखाली थेंब दिसत.

खरे कसब गळतीचे मूळ शोधण्यात होते. ऑइल खाली ओघळते, वाऱ्याने मागे पसरते. त्यामुळे सर्वांत ओला भाग बऱ्याचदा निर्दोष निघतो. इंजिन रॉकेलने धुऊन, कोरडे करून त्यावर खडूची पूड टाकायची आणि ते चालू करायचे. डाग सर्वांत वर जिथे उमटेल, तिथून शोध सुरू. इंजिनातला दाब बाहेर सोडणारा ब्रीदर तुंबला असेल तर तो आधी साफ करावा, नाहीतर आतल्या दाबाने नवे पॅकिंगही गळते. बोल्ट करकचून आवळणे हा मात्र इलाज नव्हेच. त्याने पत्र्याचे कव्हर वाकते.

पुढे दोरीची जागा कृत्रिम रबराच्या सीलने घेतली. तरी मागचे सील बदलायला सहसा गिअरबॉक्स उतरवावाच लागतो.