एपिसोडचा लिखित पाठ : आजी ‘काहीच करत नाही’, मग बिड्या कोण वळतं?

आजचा एपिसोड माझ्या गावातून, म्हणजे कारध्यातून. भंडारा शहरातून वैनगंगेचा पूल ओलांडला की आमचं गाव. पावसाळ्यात नागपूर-भंडाऱ्याच्या बातम्या पाहत असाल तर ‘कारधा पुलाजवळ पाण्याची पातळी वाढली’ हे वाक्य तुम्ही नक्की ऐकलं असेल. नदीची पातळी मोजायची तर पट्टी लावा, आकडा वाचा, विषय संपला.

पण गावातल्या माणसांचं काम कसं मोजायचं? त्याला पट्टी कोणती? आज त्या पट्टीचा इतिहास सांगतो. सुरुवात माझ्या घरापासून करतो.

मी दहावीत होतो. एक सर्वेक्षणवाले सर घरी आले. ओसरीवर बसले, पाणी प्यायले, फॉर्म काढला. आजोबांनी सगळ्यांची नावं, वयं सांगितली. आजीची पाळी आली तेव्हा सरांनी विचारलं, “आजी काय करतात?” आजोबा म्हणाले, “काई नाई जी, घरीच रायते.” आजीनंही मान डोलावली. तेव्हा तिच्या मांडीवर सूप होतं, सुपात तंबाखू होती आणि हात बिडी वळत होते. सरांनी फॉर्मवर एक आकडा लिहिला आणि पुढचा प्रश्न विचारला.

पुढे इंजिनिअरिंग झालं, नोकरी लागली. रोज डेटाबेसशी खेळताना एक गोष्ट डोक्यात बसली : कॉलम कसा बनवला यावर त्यात काय मावेल हे ठरतं. मग मला तो फॉर्म आठवला. त्याचा कॉलम कुणी बनवला होता?

याचं उत्तर शोधताना आधी जनगणना लागते. १९६१ च्या जनगणनेत नियम सैल होता. हंगामी काम करणाऱ्या माणसानं हंगामाचा बराचसा काळ रोज तासाभरापेक्षा जास्त नियमित काम केलं असेल, तर तो ‘काम करणारा’. १९७१ मध्ये प्रश्न बदलला : तुमचं मुख्य काम काय? आता घर सांभाळून रोवणीला जाणारी बाई याचं उत्तर काय देणार? ‘घरकाम’. परिणाम बघा. देशात काम करणाऱ्या स्त्रियांचं प्रमाण १९६१ मध्ये साधारण २८ टक्के होतं, ते १९७१ मध्ये १४ टक्क्यांच्या आसपास आलं. दहा वर्षांत निम्म्या बायकांनी काम सोडलं का? नाही हो. या घसरणीचं मोठं कारण म्हणजे प्रश्नच बदलला होता.

जनगणना दहा वर्षांनी एकदा होते. मधल्या काळासाठी प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या पुढाकारानं १९५० मध्ये राष्ट्रीय नमुना सर्वेक्षण सुरू झालं. सगळा देश मोजायचा नाही, नीट निवडलेली काही गावं आणि त्यातली काही घरं मोजायची. पहिल्या फेरीत १८३३ गावं होती. यात आपल्या पुण्याचाही हात आहे. त्यातल्या काही गावांसाठी गोखले अर्थशास्त्र संस्थेनं स्वतःच्या प्रश्नावल्या बनवल्या होत्या. म्हणजे ‘प्रश्न कसा विचारावा’ हा वाद पहिल्या दिवसापासूनचा आहे.

आता आजच्या गोष्टीचे हिरो. मोहनलाल दांतवाला, मुंबई विद्यापीठातले अर्थतज्ज्ञ. पंचवार्षिक योजनांमध्ये तेव्हा ‘देशात इतके बेरोजगार’ असा एकच मोठा आकडा छापला जायचा. त्या आकड्यावर शंका वाढल्या, म्हणून नियोजन आयोगानं १९६८ मध्ये दांतवालांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. १९७० मध्ये अहवाल आला. त्याचा गाभा माझ्या भाषेत सांगतो : कारखान्यातल्या माणसाला एकतर नोकरी असते किंवा नसते. पण आपल्या देशात एकच माणूस सकाळी स्वतःच्या शेतात, दुपारी दुसऱ्याच्या बांधावर आणि उन्हाळ्यात जंगलात असतो. त्याला ‘रोजगार’ किंवा ‘बेरोजगार’ अशा एका खान्यात कोंबू नका. एक आकडा नको, अनेक मापं वापरा.

मग १९७२-७३ च्या २७व्या फेरीत तीन मापं आली. पहिलं, वर्षभरात बहुतेक काळ काय केलं. दुसरं, मागच्या सात दिवसांत काय केलं. तिसरं, त्या सात दिवसांतला प्रत्येक दिवस, तोही अर्ध्या-अर्ध्या दिवसानं. चार तास किंवा जास्त काम म्हणजे पूर्ण दिवस, एक ते चार तास म्हणजे अर्धा. योगायोग बघा, ही फेरी चालू होती तेव्हाच महाराष्ट्रात ७२ चा दुष्काळ पडला होता आणि रोजगार हमीचा विचार आकार घेत होता. तिचा कायदा पुढे १९७७ मध्ये झाला. लोकांना काम द्यायचं तर किती दिवसांचं काम कमी पडतंय हे कळायला हवं, आणि ते तिसऱ्या मापातच नीट दिसतं.

ही मापं आजीला लावून बघू. जुलैमध्ये दुसऱ्याच्या बांधीत धानाची रोवणी. दिवाळीनंतर कापणी. एप्रिल-मेमध्ये तेंदूपान. उरलेल्या दिवसांत स्वयंपाक, गोवऱ्या, जळणाच्या काड्या, आणि दुपारभर बिड्या. ‘वर्षभरात बहुतेक काळ काय?’ असं विचारलं तर उत्तर घरकाम. सर्वेक्षणात त्याचा कोड ९२. सोबत जळण, भाजी, चारा गोळा करत असेल तर ९३. दोन्ही कोड ‘श्रमशक्तीबाहेर’. पण पुढचा प्रश्न विचारला, ‘यासोबत दुसरं काही काम केलं का?’, तर किमान ३० दिवसांच्या दुय्यम कामात बिड्या येतात. आणि ‘मागच्या सात दिवसांत एक तास तरी?’ असं विचारलं तर आजी सरळ कामगार ठरते! बाई तीच, आठवडा तोच, उत्तरं वेगळी.

मोजली गेली तरी पेच संपत नाही. पान आणि तंबाखू ठेकेदार देणार. बिड्या तो मोजून घेणार, खराब निघालेल्या बाजूला काढणार, पैसे हजारी दरानं देणार. मग आजी कुणाची कामगार? २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९६६ च्या बिडी कामगार कायद्यात मालकानं किंवा ठेकेदारानं दिलेला कच्चा माल घेऊन घरी बिड्या करणारी व्यक्तीही ‘कर्मचारी’ होती. पण नमुना सर्वेक्षणाच्या सूचनांमध्ये अशी घरी बसून बिड्या करणारी बाई ‘स्वयंरोजगारी’त धरली जाते, माल कुणीही दिलेला असो. त्यांचं म्हणणं, तिच्या पैशात थोडी मजुरी आणि थोडा धंद्याचा नफा असतो. मी हे वाचलं तेव्हा हसू आलं, मग राग आला. नफा? तंबाखूच्या धुळीनं खोकणाऱ्या आजीला?

आमच्या घरात तर ठेकेदाराच्या वहीत नाव आजोबांचं होतं. म्हणजे फॉर्मवर ‘घरीच असते’, वहीत आजोबा. १९७६ च्या कायद्यानं बिडी कामगारांसाठी कल्याण निधी उभा राहिला. ओळखपत्र, दवाखाना, मुलांना शिष्यवृत्ती. आजीला ओळखपत्र शेवटपर्यंत मिळालं नाही, कारण ती बिड्या वळते हे कुठल्याच कागदावर नव्हतं.

आता आजचं. एप्रिल २०१७ पासून नियतकालिक श्रमशक्ती सर्वेक्षण सुरू झालं, कागदाऐवजी टॅबलेट आला. जानेवारी २०२५ पासून त्याची रचना बदलली. नमुना निवडताना बहुतेक ठिकाणी जिल्हा हा मूळ घटक झाला आणि दर महिन्याला आकडे यायला लागले. मासिक आकडा मागच्या सात दिवसांच्या मापावर असतो. म्हणून ‘बेरोजगारी इतके टक्के’ ही रील दिसली की आधी विचारा, कोणतं माप? आठवड्यात एक तास काम केलेला माणूसही त्यात रोजगारातच मोजला जातो. त्याचं पोट भरलं का, हे तो आकडा सांगत नाही.

टॅबलेट आला तरी ओसरी तीच आहे. दांतवालांनी मापं दिली, पुढे बायकांसाठी खोदून विचारायचे प्रश्नही आले. पण उत्तर आजोबाच देत असतील तर मापं काय करतील?

म्हणून एकच सांगतो. तुमच्या घरी सर्वेक्षणवाले आले तर त्यांना पाणी द्या आणि आईला, आजीला समोर बसवा. तिचं तिला बोलू द्या. ती ‘काही नाही’ म्हणाली तर तुम्ही विचारा, “मागच्या आठवड्यात काय काय केलंस?” मी त्या दिवशी तिथेच बसलो होतो, सूप मला दिसत होतं, आणि मी गप्प राहिलो.

तुमच्या घरात असं न मोजलेलं काम कोण करतं? कमेंटमध्ये लिहा, नाहीतर व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात ऐकवू. चला, भेटू!