पोच उशिरा आली तर? वाय-फाय गावाकडे नेण्याची गोष्ट



मागच्या दिवाळीत गावी आमच्या गच्चीवर इंटरनेटचा रेडिओ बसवायला एक मुलगा आला होता. आमच्याकडे फायबर अजून पोचलेलं नाही, तालुक्याच्या टॉवरवरून हवेतूनच लिंक येते. त्याने पाण्याच्या टाकीशेजारी लोखंडी पाइप उभा केला, त्याला छोटी डिश अडकवली आणि मोबाईलवरचा आकडा बघत ती केसभर फिरवू लागला. उणे ७८, उणे ७१, उणे ६३. "बास, इथंच." नट आवळून झाल्यावर त्याने मला एकच प्रश्न विचारला, "दादा, इन्व्हर्टर आहे ना घरात?"

मी पीएचडीसाठी अशाच लिंक मोजतो, आणि माझ्या प्रस्तावात विजेचा साधा उल्लेखही नव्हता! त्याच्या महिनाभर आधी प्रगती अहवालाच्या बैठकीत मला ऐकावं लागलं होतं, "हे तर टेक्निशियनचं काम. यात संशोधन कुठे आहे?" तेव्हा उत्तर सुचलं नव्हतं. आज लिहितोय ते उत्तरच समजा. पण ते माझं नाही, कानपूर आणि थेनी इथे काम केलेल्या लोकांनी ते कधीच देऊन ठेवलंय.

२००१ च्या सुमारास आयआयटी कानपूरमध्ये 'डिजिटल गँजेटिक प्लेन्स' नावाचा प्रकल्प सुरू झाला. कानपूर-लखनौ पट्ट्यातल्या गावांपर्यंत स्वस्तात इंटरनेट न्यायचं होतं. कल्पना साधी होती. वाय-फायचं कार्ड जगभर लाखांनी बनतं म्हणून स्वस्त मिळतं. त्यालाच दिशा धरणारी डिश जोडली, की खोलीपुरता रेडिओ कित्येक किलोमीटर जातो. भास्करन रामन आणि कामेश्वरी चेब्रोलू हे या कामातले दोन प्रमुख संशोधक. दोघेही पुढे आयआयटी मुंबईत आले.

पहिला धक्का टॉवरचा. २.४ गिगाहर्ट्झवर ३० किमीची लिंक टाकायची म्हटलं, तर पृथ्वीच्या गोलाईमुळे मध्यावर साधारण १३ मीटरचा फुगवटा आडवा येतो. शिवाय लहरींना सरळ रेषेभोवतीही मोकळी जागा लागते. तिला फ्रेनेल झोन म्हणतात आणि मध्यावर त्याची त्रिज्या ३० मीटरच्या आसपास भरते. त्यातला ६० टक्के भाग तरी मोकळा हवा, म्हणजे आणखी १८ मीटर. झाडं धरलीच नाहीत तरी दोन्ही टोकांना तीसेक मीटर उंची आली. (हे गणित वहीवर एकदा करून बघा, मुलाखतीत विचारतात.) अशा टॉवरपुढे रेडिओची किंमत किरकोळ ठरते. सह्याद्रीच्या कुशीतल्या माणसाला हा खर्च पटकन कळत नाही, कारण आपल्याकडे डोंगर फुकट मिळतो. गंगेच्या सपाटीवर उंची विकत घ्यावी लागते.

खरी गंमत टॉवर उभा राहिल्यावर सुरू झाली. वाय-फायमध्ये प्रत्येक पॅकेटची पोच यावी लागते. ठरलेल्या वेळात पोच आली नाही, तर पॅकेट हरवलं असं समजून कार्ड ते पुन्हा पाठवतं. प्रकाशाला एक किलोमीटर जायला ३.३ मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे ३० किमी जाऊन यायला २००. त्या काळच्या ८०२.११बी मानकात वेळेचा एक घर, म्हणजे स्लॉट, होता अवघा २० मायक्रोसेकंदांचा. घर-ऑफिससाठी बेतलेली पोचेची मुदत इथे कशी पुरणार? पॅकेट नीट पोचतंय, पोचही निघालीय, आणि ती वाटेत असतानाच पाठवणारा दुसऱ्यांदा पाठवतोय!

ही मुदत वाढवून काम भागतं. पण एकाच टॉवरवर तीन-चार दिशांना तीन-चार डिश असल्या, की दुसरीच अडचण उभी राहते. वाय-फायचा नियम 'आधी ऐक, मग बोल' असा आहे. शेजारची डिश बोलत असली की ही गप्प बसते, दोघींची तोंडं वेगळ्या गावांकडे असली तरी. आणि एक ऐकत असताना दुसरी बोलली, तर बाजूने गळणाऱ्या सिग्नलमध्ये दूरच्या गावाचा क्षीण आवाज बुडून जातो.

रामन आणि चेब्रोलू यांनी २००५ मध्ये मोबिकॉम परिषदेत '२पी' ही पद्धत मांडली. टॉवरवरच्या सगळ्या डिशनी एकदम बोलायचं, मग सगळ्यांनी एकदम ऐकायचं. बोलताना एकमेकींचा त्रास नाही, कारण ऐकणारी कुणीच नाही. ऐकताना त्रास नाही, कारण बोलणारी कुणीच नाही. अट एकच: आपण बोलत असू तेव्हा समोरचं गाव ऐकत असलं पाहिजे. म्हणजे गावांचे दोन गट पाडायचे आणि लिंक फक्त एका गटातून दुसऱ्यात टाकायची. तीन गावांचा त्रिकोण केला की हे फसतं, झाडासारखी फांद्यांची रचना असली की नेहमी जमतं. आलेखशास्त्रातला हा पहिल्या धड्यातला मुद्दा, पण तो टॉवर कुठे उभारायचा हे ठरवतो! त्याच वर्षी जानेवारीत भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा लायसन्समुक्त झाला, त्यामुळे इतरांनाही असे प्रयोग करणं सोपं झालं.

मला सगळ्यात जास्त शिकवलं ते त्यांच्या पुढच्या पेपरने. अमेरिकेत एमआयटीच्या रूफनेट या छतांवरच्या जाळ्यात बऱ्याच लिंक 'अर्धवट' चालताना दिसल्या होत्या, पॅकेटं ना सगळी पोचत ना सगळी हरवत. २००४ च्या त्यांच्या पेपरने बोट दाखवलं ते भिंतींवर आपटून उशिरा येणाऱ्या लहरींकडे. कानपूरच्या गटाने आपल्या लांब लिंक मोजल्या आणि २००६ मध्ये सांगितलं, की बाहेरचा व्यत्यय नसेल तर लिंक एका ठराविक पातळीच्या वर नीट चालते आणि खाली बंद पडते. लांब लिंक बिघडण्यामागे बहुतेक वेळा आसपासचं दुसरं वाय-फाय असतं. आता विचार करा, नुसत्या दूरच्या अंदाजावर नियोजन केलं असतं तर इलाज भलत्याच रोगावर झाला असता. 'टेक्निशियनचं काम' म्हणतात ते हेच.

तोवर बर्कलेतल्या एरिक ब्रूअर यांच्या गटाने तमिळनाडूत थेनीच्या अरविंद नेत्र रुग्णालयाला आसपासच्या दृष्टिकेंद्रांशी जोडायला घेतलं होतं. केंद्रात नर्स डोळे तपासणार, पेशंट पडद्यावर डॉक्टरशी बोलणार. त्यांनीही पोच गठ्ठ्याने पाठवणारी, वेळ वाटून घेणारी पद्धत बनवली. २००७ च्या त्या 'वाइल्डनेट' पेपरमध्ये दोन ते पाचपट वेग मिळाल्याची नोंद आहे. इथे लिंक पडली तर पेशंटची खेप वाया जायची, मजुरी बुडायची.

आणि लिंक पडत होत्याच. २००८ मध्ये याच गटाने अनुभव लिहिला तो जरूर वाचा. त्यात प्रोटोकॉल फारसा नाहीच. आहे ती वीज. व्होल्टेजच्या उसळ्यांनी बोर्ड जळतात, मेमरी कार्डं खराब होतात. व्होल्टेज हळूहळू उतरलं की राउटर धड चालूही राहत नाही आणि धड बंदही पडत नाही, तसाच लटकतो. मग कुणीतरी जाऊन बटण दाबेपर्यंत अख्खं केंद्र बंद. त्यांनी केलेला एक उपाय अगदी साधा आहे: व्होल्टेज एका पातळीखाली गेलं की राउटर सरळ तोडायचा आणि वीज नीट आली की परत जोडायचा.

हे वाचलं तेव्हा गच्चीवरचा तो मुलगा आठवला. त्याने हा पेपर वाचलेला नव्हता. त्याच्या खिशातल्या वहीत गिऱ्हाइकांच्या तक्रारींची यादी होती, एवढंच.

माझ्या नोंदवहीत आता सिग्नल, गळती आणि हवामान यांच्या शेजारी व्होल्टेजचा चौथा रकाना आहे. पहिल्या तीन आठवड्यांत सात वेळा लिंक पडली. त्यातल्या पाच वेळा सिग्नल अगदी ठणठणीत होता. पुढची बैठक जानेवारीत आहे, तक्ता घेऊन जाणार आहे.